पेटी घरची, आवाज आपल्या माणसाचा

आमच्या घरी एक जुनी कॅसेट आहे. जयंतीच्या रात्री वस्तीतील गायन मंडळ गात असताना कोणीतरी ती भरून घेतली होती. तीत माझ्या बाबांचा आवाज आहे. बाबा एम्प्रेस मिलमध्ये मागखात्यात होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल २००२ साली कायमची बंद पडली. पुढे काही वर्षांनी बाबाही गेले.

फीत झिजत चालली म्हणून मुलाने तो आवाज मोबाईलमध्ये उतरवला. पण आई ऐंशीच्या घरात. मोबाईल कानाशी धरला तरी म्हणे, “काही समजून नाही राहिलं, बाबू.” बाजारातला डबा आणला, तर त्यात ढोलकीच धडधडे आणि शब्द बुडत. डॉक्टरांनी कान तपासून सांगितले की वयामुळे वरच्या पट्टीचे सूर आधी कमी होतात. स, श, त, क यांसारख्या व्यंजनांची धार नेमकी त्याच पट्टीत असते. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. मग मुलगा म्हणाला, “बाबा, आपणच पेटी बनवू.”

एकच स्पीकर का?

स्पीकरच्या मागे चुंबक, पुढे कागदी कोन आणि मध्ये तारेची कॉइल असते. कॉइलमधून आवाजाची वीज गेली की कोन पुढेमागे हलतो व हवा हलते. राईस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली ही रचना जगापुढे मांडली. आजही तीच चालते. मोठ्या पेट्यांत जाड सुरांसाठी एक आणि बारीक सुरांसाठी दुसरा स्पीकर असतो. तीन-चार इंची ‘फुल रेंज’ स्पीकर मात्र एकटाच बहुतेक सूर वाजवतो. माणसाचा आवाज त्यातून एकसंध आणि स्पष्ट येतो. खोल घुमणारा ढोल त्याच्याकडून होणार नाही, हे आधीच समजून घ्यावे.

पेटी कशासाठी?

उघडा स्पीकर लावून पाहा, आवाज पोकळ येईल. कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. जाड सुरांत या दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. पुठ्ठ्याला भोक पाडून स्पीकर त्यावर धरला की लगेच आवाज भरतो. पेटी हेच काम नीट करते. ती मागची लाट कोंडून धरते.

आमच्या चार इंची, ८ ओहमच्या स्पीकरसाठी आतून २५ सेंटिमीटर उंच, १६ रुंद आणि १३ खोल अशी पेटी केली. म्हणजे सुमारे पाच लिटर. पहिली पेटी खोक्याच्या पातळ फळीची केली होती, ती आवाजासोबत स्वतःच खडखडली. दुसरी १२ मिलिमीटर प्लायवूडची केली. भोक नेहमी हातातला स्पीकर मोजूनच पाडावे. सांधे फेव्हिकॉल व स्क्रूने पक्के करावेत, तारेचे भोक एम-सीलने बुजवावे आणि आत जुन्या उशीचा कापूस सैल भरावा. हवा कुठूनही सुटता कामा नये.

सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असा स्पीकर आणि १२ व्होल्टवर चालणारा लहान अॅम्प्लिफायर बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. जुन्या रेडिओचा स्पीकरही चालतो. कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी हळूच सारखा दाबावा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल खराब समजावी. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. कोन बाहेर आला तर सेलचे अधिक टोक ज्याला लागले तेच स्पीकरचे अधिक टोक. दोन पेट्या करणार असाल तर दोन्हींच्या तारा सारख्याच जोडाव्यात. एक उलटी लागली की आवाज पातळ होतो.

मुलांना एक ताकीद द्यावी. काचेच्या पडद्याचा जुना टीव्ही स्पीकरसाठी उघडू नये. बंद केल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असू शकते. घरातल्या विजेच्या तारांना हात न लावता तयार १२ व्होल्टचा अॅडॅप्टरच वापरावा.

शब्द महत्त्वाचे

पेटी आईच्या खाटेसमोर, कानाच्या उंचीवर ठेवली. आवाज फार मोठा केला नाही. पहिले कडवे झाले. दुसऱ्या कडव्याला आईचे ओठ हलू लागले. गाणे संपल्यावर म्हणाली, “मागाच्या खडखडाटात जन्म गेला नं त्याहिचा, म्हणून एवढ्या मोठ्यानं गात.” ही गोष्ट मला आजवर ठाऊक नव्हती. घरात बाबा ओरडून बोलतात म्हणून मी लहानपणी रुसत असे.

आज आपल्या मिरवणुकांत छाती हादरवणारे डीजे लागतात. त्या दणक्यात आपल्या गायकांनी जन्मभर जपलेले शब्दच दबून जातात, आणि शेजारच्या अभ्यास करणाऱ्या मुलीचे व आजाऱ्याचे हाल होतात. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण नियमापेक्षा मोठा प्रश्न असा की आपल्याला दणका हवा की शब्द?

दहावी-बारावीच्या मुलामुलींना या सुट्टीत अशी एक पेटी बनवायला लावा. भौतिकशास्त्राचा धडा हाताने शिकतील. आणि घरातल्या वृद्धांचा आवाज ते असतानाच भरून ठेवा. कॅसेट असेल तर ती आजच उतरवून घ्या, कारण फीत आपल्यासाठी थांबत नाही.