बसचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ट्रकला चालेल का? – इंजिन बदल, गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टर



नववीच्या वर्गात 'कार्य आणि ऊर्जा' शिकवत होतो. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, सिटी बसचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आमच्या ट्रकला बसेल का?" वर्ग हसला. मुलगा मात्र हसत नव्हता.

आमचं पाम गाव तारापूर एमआयडीसीला लागून. इथल्या कितीतरी घरांची चूल माल वाहणाऱ्या गाड्यांवर पेटते. या मुलाचे वडील स्वतःच्याच जुन्या ट्रकवर ड्रायव्हर. बोईसरहून माल भरायचा, चिल्हार फाट्याला हायवे गाठायचा, कधी पालघरमार्गे वाघोबा खिंड चढून मनोरला जायचं. दिवसात क्लच किती वेळा दाबला जातो याचा हिशोब नाही. डावा गुडघा पार गेलेला. ट्रकचं इंजिनही थकलेलं. तेव्हा त्यांनी ठरवलं, दुसऱ्या गाडीचं सेकंडहँड इंजिन टाकायचं आणि सोबत भंगारात निघालेल्या बसचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हणजे क्लचची कटकटच गेली. बयाणासुद्धा देऊन झाला होता.

मी काही मेकॅनिक नाही. पण प्रश्न शुद्ध विज्ञानाचा होता, म्हणून दोन दिवस कागद-पेन्सिल घेऊन आम्ही बसलो. तेच इथे मांडतो. पुढचे आकडे गणित समजावं म्हणून सोपे करून घेतले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे तिच्या माहितीपत्रकातून घ्या.

गॅरेजमध्ये पहिला प्रश्न असतो, "किती एचपीचं इंजिन?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला प्रश्न, जास्तीत जास्त टॉर्क किती आणि तो किती आरपीएमला मिळतो? टॉर्क म्हणजे फिरवण्याची ताकद. पाना जितका लांब तितका नट सहज सुटतो, हे मुलांना ठाऊक असतं, तिथूनच सुरुवात करा. एचपी म्हणजे ती ताकद आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. त्यामुळे दोन इंजिनांची एचपी सारखी असूनही एक १५०० फेऱ्यांना जोर देतं आणि दुसरं २००० च्या वर गेल्याशिवाय जागंच होत नाही, असं होऊ शकतं. आपल्या या ट्रकचं नेमकं हेच होणार होतं.

आता गणित. चाकाची त्रिज्या ०.४२ मीटर धरू, म्हणजे एका फेऱ्यात गाडी साधारण २.६४ मीटर पुढे जाते. मागच्या हाउसिंगमधलं क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ५. टॉप गिअर सरळ, म्हणजे १. ताशी ४० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे २५० फेरे घेतं आणि इंजिन साधारण १२६०. जुनं इंजिन या फेऱ्यांना गाडी मजेत ओढत होतं. नवं इंजिन इथे धापा टाकणार आणि ड्रायव्हरला सारखा खालचा गिअर घ्यावा लागणार. गुडघ्यासाठी केलेला खर्च गुडघ्यावरच उलटायचा!

चढाचा हिशोब मुलांना फार आवडला. गाडी आणि माल मिळून ८ टन, म्हणजे ८००० किलो. समजा चढ १५ मीटर गेल्यावर १ मीटर उंच होणारा आहे. ८००० गुणिले ९.८ भागिले १५, म्हणजे सुमारे ५२०० न्यूटन. टायर रस्त्यावर घरंगळताना होणारा विरोध वजनाच्या एक टक्का धरू, म्हणजे आणखी ८०० च्या आसपास. एकूण ६००० न्यूटन. याला ०.४२ ने गुणलं की चाकावर लागणारा टॉर्क साधारण २५०० न्यूटन-मीटर. क्राउन-पिनियनमुळे त्याचा पाचवा भाग, ५००, गिअरबॉक्समधून बाहेर पडायला हवा. वाटेतली गळती धरून ५५०. इंजिन देतं ३००. म्हणजे गिअरचं गुणोत्तर कमीत कमी १.८३ हवं. चौथा गिअर १.४ आणि तिसरा २.३ असेल तर चौथ्यात गाडी दम तोडेल, तिसऱ्यात २००० आरपीएमला ताशी २७ च्या वेगाने वर जाईल. अधलं-मधलं काही नाही! म्हणून नुसतं "पाच गिअरचा डबा आहे" एवढ्यावर भागत नाही, प्रत्येक गिअरचं गुणोत्तर विचारावं लागतं. त्याबरोबर तो डबा जास्तीत जास्त किती टॉर्क झेलू शकतो, तेही. इंजिनाचा टॉर्क त्याहून जास्त असेल तर दात तुटायला फार किलोमीटर लागत नाहीत.

आता टॉर्क कन्व्हर्टर. वर्गात दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. दुसऱ्याची पाती वाऱ्याने फिरू लागतात. कन्व्हर्टरमध्ये हवेऐवजी तेल असतं. इंजिनाला जोडलेला पंप तेल फेकतो, समोरचं टर्बाइन त्या तेलाने फिरतं आणि ते गिअरबॉक्सला जोडलेलं असतं. मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चक्र असतं, ते परत येणारं तेल योग्य दिशेला वळवून पुन्हा पंपाकडे देतं. या स्टेटरमुळे गाडी जागेवरून उठताना टॉर्क वाढून साधारण दुप्पट होतो. फॅनच्या प्रयोगात स्टेटर नाही, त्यामुळे ही वाढ तिथे दिसणार नाही, हे मुलांना सांगायला विसरू नका. ही कल्पना मूळची जहाजांची. जर्मनीच्या हर्मान फ्योटिंगरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं, कारण वेगाने फिरणारं स्टीम टर्बाइन आणि सावकाश फिरावा असा पंखा यांची सांगड घालायची होती.

आपल्याकडे ट्रकवर 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं असलं तरी आत बहुधा साधाच गिअरबॉक्स आणि क्लच असतो, फक्त ते दाबायचं काम यंत्र करतं. त्याला एएमटी म्हणतात. खरा टॉर्क कन्व्हर्टर पाहायचा तर खोदकाम करणाऱ्या बॅकहो लोडरमध्ये किंवा मोठ्या फोर्कलिफ्टमध्ये पाहा.

निवडताना कळीचा शब्द आहे स्टॉल स्पीड. ब्रेक घट्ट दाबून, गिअरमध्ये, पूर्ण रेस दिली तर इंजिन जास्तीत जास्त जेवढ्या आरपीएमपर्यंत चढू शकतं तो स्टॉल स्पीड. (गॅरेजमध्येही ही चाचणी चारपाच सेकंदांच्या वर करत नाहीत, का ते पुढे येतंच.) कन्व्हर्टर इंजिनाकडून किती टॉर्क मागतो हे आरपीएमच्या वर्गावर अवलंबून असतं आणि त्याच्या व्यासाच्या तर पाचव्या घातावर! व्यास थोडा वाढला की मागणी एकदम वाढते. म्हणजे स्टॉल स्पीड हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नव्हे, इंजिन आणि कन्व्हर्टर या जोडीचा आहे.

समजा बसचा कन्व्हर्टर १६०० आरपीएमला ५०० न्यूटन-मीटर मागतो, कारण बसचं इंजिन तेवढं देतं. आमचं इंजिन खालच्या फेऱ्यांना २२० देतं. २२० भागिले ५०० म्हणजे ०.४४. त्याचं वर्गमूळ ०.६६. गुणिले १६०० म्हणजे साधारण १०६०. याचा अर्थ, अॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी उठेपर्यंत इंजिन ११०० च्या आसपासच अडकून राहणार. ते जागं होतं २००० ला. टर्बो असेल तर तोही झोपलेलाच. भरलेली गाडी चढावर थांबली की संपलंच. हे गणित त्या मुलाने स्वतः फळ्यावर केलं, आणि वर्गमूळ काढल्यावर थोडा वेळ खडू हातात धरून तसाच उभा राहिला.

उलट टोकही वाईट. कन्व्हर्टर फार सैल घेतला तर इंजिन मोकळेपणाने चढतं, पण तेल नुसतं घुसळत राहतं. ३०० न्यूटन-मीटर आणि १८०० आरपीएम म्हणजे सुमारे ५६ किलोवॉट. गाडी हलत नसेल तर ही सगळी शक्ती तेलात उष्णता बनून जाते. घरातला गीझर २ किलोवॉटचा, म्हणजे २८ गीझर एकदम! १५ लिटर तेल अशा वेळी सेकंदाला जवळजवळ २ अंशांनी तापतं. म्हणून कन्व्हर्टरबरोबर तेल थंड करणारा कूलर हवाच, आणि वेग पकडल्यावर पंप-टर्बाइन थेट जोडणारी लॉक-अप सोय असलेली बरी, नाहीतर डिझेल उगीच जळतं. इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क जिथे मिळतो, त्याच्या जवळ किंवा थोडा खाली स्टॉल स्पीड येईल अशी जोडी पाहावी.

बाकी जोडणीचे प्रश्न थोडक्यात. बेल हाउसिंगची भोकं जुळतात का, फाउंडेशन कुठे येतं, जॉइंटची लांबी आणि कोन किती, हे तर मिस्त्री बघतोच. कन्व्हर्टर बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. तो आधी गिअरबॉक्सच्या तेलपंपात शेवटपर्यंत बसायला हवा. इंजिन जोडल्यावर बोल्ट लावण्याआधी मध्ये थोडी फट राहिली पाहिजे. फट नसेल आणि बोल्ट आवळूनच इंजिन ओढून बसवलं, तर पंप फुटलाच समजा. शिवाय बसच्या डब्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू बसच्या इंजिनाची भाषा बोलतो. जुन्या डिझेल पंपाच्या इंजिनाकडून त्याला हवा तो संदेश मिळतच नाही.

कागदपत्रांचंही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. इंजिन क्रमांक आरसी बुकात असतो. त्यामुळे पैसे मोजण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावं. अपघातानंतर विचारून उपयोग नाही.

मुलाच्या वडिलांनी शेवटी बसचा डबा सोडला. बयाणा बुडाला, त्याचं दुःख आहेच. इंजिन घ्यायचं तर ज्या गाडीचं इंजिन, तिचाच गिअरबॉक्स जोडीने घ्यायचा आणि क्लचला हवेच्या दाबावर चालणारा बूस्टर लावायचा, असं आता त्यांनी ठरवलंय. त्याने पायाचा जोर कमी लागेल, पण क्लच दाबायचा राहणारच. मुलगा आता घरी हाउसिंगचं गुणोत्तर शोधतोय. एक चाक उचलून जॉइंटचे फेरे मोजत होता आणि दरवेळी निम्मंच उत्तर येत होतं. दुसरं चाक थांबलेलं असताना डिफरन्शियल उचललेल्या चाकाला दुप्पट फिरवतं, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.