गाय उलटली, दोष वळूचा तर नाही?

गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या परिसरातील एक शेतकरी रक्तदाब तपासायला आले होते. गोळ्या लिहून दिल्या तरी उठेनात. म्हणाले, ‘‘गाय तीनदा उलटली जी डॉक्टरसाहेब. आता विकूनच टाकतो.’’

मी माणसांचा डॉक्टर. पण प्रश्न ओळखीचा होता. मूल होत नाही म्हणून आमच्याकडेही आधी सूनच तपासायला येते. प्रत्यक्षात अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषामध्येही दोष असतो.

विचारले, ‘‘गाय फळवली कुठे?’’

‘‘गावातल्याच वळूकडून.’’

‘‘तो खातो काय?’’

‘‘तणसच जी, दुसरं काय?’’

धानाच्या तणसाने पोट भरते. पण त्यात फॉस्फरस, तांबे आणि जस्त कमी असते. त्यातील ऑक्झलेटमुळे कॅल्शियमही अंगी कमी लागते. बांधीत पाणी साचून राहिले की जमिनीतले जस्त पिकाला नीट मिळत नाही. धानावरचा ‘खैरा’ रोग होतो तो यामुळेच.

वळूला जस्त लागते ते शुक्राणू तयार होण्यासाठी. सेलेनियम शुक्राणूच्या शेपटीला बळकटी देते. प्रमाण मात्र अगदी थोडे: दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा खाणाऱ्या वळूला जस्त ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पुरते, तर सेलेनियम दोन-तीन मिलिग्रॅम. त्याहून फार जास्त झाले तर सेलेनियमच विष ठरते.

खनिजे कमी पडलेले, विशेषतः फॉस्फरस कमी पडलेले जनावर हाडे, लाकूड, भंगार चाटू-चघळू लागते. फुटकी बॅटरी किंवा जुना रंग चाटला की शिसे पोटात जाते. शिशामुळे शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. कॅडमियम हा दुसरा शत्रू. तो जस्ताची जागा बळकावतो आणि वृषणांना इजा करतो. म्हणजे कमतरता स्वतः नुकसान करतेच, वर विषालाही दार उघडून देते.

उपाय अवघड नाहीत. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिज मिश्रण द्यावे; मोठ्या जनावराला रोज साधारण ५० ग्रॅम पुरते. सोबत हिरवा चारा हवा. गाईही तेच तणस खातात, त्यांनाही हे मिश्रण द्यावे. मेंढ्यांना मात्र गुरांचे मिश्रण देऊ नये; जास्तीचे तांबे त्यांना सोसत नाही. बॅटऱ्या आणि रंगाचे डबे गोठ्यापासून दूर ठेवावेत.

फरक लगेच दिसणार नाही. वळूचा शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६० दिवस लागतात. नंतर पक्व व्हायला आणखी आठ-दहा दिवस. त्यामुळे अडीच महिने धीर धरावा. तोवर तपासलेल्या वळूच्या वीर्याने कृत्रिम रेतन करून घेता येते.

गाय उलटण्याची कारणे इतरही असतात: गर्भाशयाचा संसर्ग, माजाची चुकलेली वेळ. म्हणून गाईची तपासणी व्हावीच. पण बाजाराची वाट धरण्याआधी वळूचे वीर्यही तपासून घ्यावे. आणि घरातल्या सुनेला एकटीला दवाखान्यात पाठवण्याआधी मुलालाही सोबत पाठवावे.