कॅमेऱ्याची स्वयंचलित संवेदनशीलता : दोष कोठे शोधावा?

गेल्या हिवाळ्यात एका मित्राच्या कन्येच्या अरंगेत्रमनिमित्त प्रस्तुत लेखकास चेन्नईस जाण्याचा योग आला. भरतनाट्यम् शिकणाऱ्या विद्यार्थिनीचा हा पहिला स्वतंत्र प्रयोग असून, अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर तो एकदाच होतो. छायाचित्रे घेण्याचे काम माझ्याकडे आले, आणि डिजिटल कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ‘स्वयंचलित’वर ठेवून मी निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी चित्रे पाहिली, तेव्हा जतिस्वरम् या चपळ नृत्यात हातांच्या जागी नुसते धुके दिसत होते. पदम् या संथ अभिनयाच्या भागात रेषा स्वच्छ होत्या, पण चेहरा पांढराफटक झाला होता. अखेरच्या तिल्लानात एक चित्र उजळ, तर लगेच घेतलेले दुसरे काळवंडलेले होते. कॅमेरा बिघडला, असे घरातील सर्वांचे मत पडले.

या मताची परीक्षा करण्यापूर्वी आयएसओ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. चित्राचा उजळपणा तीन गोष्टींवर ठरतो : लेन्सच्या छिद्राचा आकार, शटर उघडे राहण्याचा काळ आणि संवेदनशीलता. अमेरिकेतील एएसए व जर्मनीतील डीआयएन या दोन जुन्या मापनपद्धती एकत्र करून १९७४ साली फिल्मसाठी आयएसओचे आकडे आले. डिजिटल कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र मानक १९९८ मध्ये झाले. आकडा दुप्पट झाला की निम्मा प्रकाश पुरतो. फिल्मच्या दिवसांत हा आकडा रोळाबरोबर विकत घ्यावा लागे आणि रोळ संपेपर्यंत तो बदलत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात तो प्रत्येक चित्रास बदलता येतो, म्हणूनच तो यंत्राकडे सोपविण्याची कल्पना निघाली.

‘संवेदनशीलता’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. आकडा वाढविल्याने कॅमेऱ्यातील संवेदक अधिक प्रकाश टिपू लागत नाही. जेवढा प्रकाश आला तेवढ्याचाच संकेत मोठा केला जातो. प्रकाश कणांच्या रूपाने येतो व त्यांची संख्या स्वभावतःच कमीअधिक होते. एखाद्या बिंदूवर १०,००० कण पडले तर हा चढउतार सुमारे १०० चा, म्हणजे शेकडा एक. १०० च कण पडले तर तो १० चा, म्हणजे शेकडा दहा. चित्रात दिसणारा रवाळपणा मुख्यतः या अपुऱ्या प्रकाशाचा असतो. आपण दोष देतो तो मात्र आयएसओच्या आकड्याला.

हीच चूक मी केली होती. रवाळपणाच्या भीतीने आयएसओची कमाल मर्यादा मी १६०० वर बांधून ठेवली होती आणि शटरचा वेग निदान १/२५० सेकंद असावा, असेही कॅमेऱ्यास सांगितले होते. तरीही जतिस्वरम् ची सर्व चित्रे १/६० ने निघाली. प्रत्येक चित्राबरोबर कॅमेरा हे आकडे नोंदवून ठेवतो. तक्रार करण्यापूर्वी ते वाचावेत. तेथे एफ ५.६, १/६० आणि १६०० असे स्पष्ट लिहिलेले होते. कॅमेरा १६०० पर्यंत चढला, तेथे त्याला थांबावे लागले, आणि मग त्याने माझी किमान वेगाची सूचना बाजूस सारून शटर मंद केले. अनेक कॅमेऱ्यांत हीच रीत असते : कमाल मर्यादा मोडत नाहीत, किमान वेग मोडतात. १/२५० मिळविण्यास दोन दुपटी, म्हणजे ६४०० हवे होते. रवाळ चित्रातही मुद्रा ओळखता आली असती. धुक्यात ती ओळखता येत नाही. किमान वेग ठरविण्याचे कामही कॅमेऱ्यावर सोपविले, तर तो सामान्यतः लेन्सच्या नाभीय अंतरावरून अंदाज बांधतो. त्याने आपल्या हाताचा कंप झाकला जातो, नर्तकीची गती नव्हे.

पांढऱ्या चेहऱ्याचे कारण मागचा काळा पडदा. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. चौकटीचा बहुतेक भाग काळा असल्याने त्याने तो करडा करण्याचा प्रयत्न केला आणि चेहरा जळाला. अधिक-उणे चिन्हाची कळ उणे एकवर नेली असती, तर चेहरा वाचला असता. शिवाय निम्म्या प्रकाशात काम भागल्याने जतिस्वरम् च्या वेळी शटर १/६० ऐवजी १/१२५ वर आले असते. म्हणजे एका दोषाचा उपाय दुसऱ्यासही काही अंशी लागू पडला असता.

तिल्लानाच्या वेळी मी एफ १.८ ची लेन्स लावून शटर १/५०० केले होते. हात स्पष्ट आले, पण उजळपणा हेलकावू लागला. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्याने तिच्यावर चालणारे कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. १/५०० सेकंदाच्या शटरला कळते. अशा दिव्यांखाली १/१०० सेकंदात एक पूर्ण चढउतार सामावतो आणि चित्रे सारखी येतात. मग वेगवान हात थोडे पुसट होतील, हा व्यवहार पत्करावा लागतो. झपझपाटाची वेळ साधून शटर उघडणारे कॅमेरे आता मिळतात, माझा तसा नव्हता.

सर्व काही हाताने ठरवावे म्हणून काहीजण ‘एम’ची खूण निवडतात आणि शटरचे चाक फिरवूनही उजळपणा का बदलत नाही, याचे नवल करतात. आयएसओ स्वयंचलित राहिल्यास तो मागून भरपाई करीत असतो. तोही एका आकड्यावर बांधावा.

खरा बिघाड ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. दिवसा उन्हात आयएसओ आणि शटर ठरावीक आकड्यांवर ठेवून एकाच भिंतीची दहा चित्रे लेन्सच्या सर्वांत मोठ्या छिद्राने व दहा एफ ११ ने घ्यावीत. उजळपणा चित्राला झेपेल असा शटरचा वेग दोन्ही वेळा निवडावा. पहिली दहा सारखी आणि दुसरी दहा कमीजास्त उजळ आली, तर छिद्राच्या पाती अडकत आहेत, असे समजून लेन्स दुरुस्तीस द्यावी. माझ्या लेन्सची वीसही चित्रे ठीक आली. जतिस्वरम् ची तेवढी धूसर राहिली आहेत.