नेट नक्की कधी जातं, काकू?

आमच्या धंद्यातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य म्हणजे 'नेट सारखं जातंय.' कंप्लेंट घेणारी मुलगी तेच टाइप करते, आमच्या मोबाइलवर तेच येतं, आणि पाठीला बॅग लावून तिसरा मजला चढताना डोक्यात तेच घोळत असतं. सारखं म्हणजे किती वेळा? जातं म्हणजे कुठलं जातं, बाहेरून येणारं की घरातल्या घरात फिरणारं? पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत एका लहानशा इंटरनेट कंपनीसाठी मी बारा वर्षं दारोदार फिरलो. या दोन प्रश्नांची उत्तरं पहिल्या झटक्यात देणारी घरं फार तर दहा भेटली असतील.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. काम झालं की ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो त्यांनी आम्हाला सांगितला की कंप्लेंट बंद. दिवसाला बारा-पंधरा घरं असली की पोरं काय करतात, राउटर बंद-चालू करतात, त्याला खेटून उभं राहून स्पीड टेस्ट दाखवतात, आकडा झकास येतो, आणि 'काकू, तो नंबर सांगा' म्हणून खाली उतरतात. मीही केलंय. गंमत म्हणजे त्या बंद-चालूने बऱ्याचदा खरंच बरं वाटतं. महिनोन्महिने चालू असलेल्या राउटरची मेमरी तुंबलेली असते ती मोकळी होते, आणि उठल्या उठल्या तो आसपास कुठला चॅनेल रिकामा आहे ते नव्याने बघतो. पण ही डोकेदुखीची गोळी. संध्याकाळी पुन्हा फोन.

कोथरूडच्या एका काकूंकडे मात्र ही गोळी चालली नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. माझ्या आधी तिघे येऊन ओटीपी घेऊन गेले होते. मी राउटरकडे हात नेला तशा म्हणाल्या, "त्याला हात लावू नकोस, आधी हे वाच." दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर तारखा आणि वेळा लिहिलेल्या. सकाळी सात चाळीस. दुपारी सव्वा. रात्री आठ वीस. दर वेळी दोन-तीन मिनिटं. रविवारी दुपारची वेळ दीडच्या पुढे सरकलेली.

वीजपुरवठा एवढा शिस्तीचा नसतो, आमची कंपनी तर नाहीच नाही. ही वेळ माणसांची होती. मी विचारलं, "काकू, सव्वा वाजता घरात काय होतं?" "काय होणार? जेवायला बसतो." "जेवण गरम कशावर करता?" बाई माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि मग दोघांनीही एकदमच फ्रिजकडे पाहिलं. फ्रिजवर राउटर, शेजारच्या ओट्यावर मायक्रोवेव्ह, मध्ये हातभर अंतर.

लॅपटॉपवरून राउटरला पिंग लावलं, म्हणजे 'आहेस का, आहेस का' असं सेकंदाला एकदा विचारत राहायचं. कपभर पाणी ठेवून मायक्रोवेव्ह सुरू केला. दोन-तीन मिलिसेकंदांत येणारं उत्तर चारशे, नऊशे, मग नाहीच. टिंग वाजलं आणि गाडी पुन्हा रुळावर.

जुन्या वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि मायक्रोवेव्हचा २.४५ हे एकाच गल्लीतले. हा पट्टा मुळातच भट्ट्या आणि यंत्रांच्या गोंगाटासाठी सोडलेला; आपल्याकडे तो विनापरवाना वापरायला मोकळा झाला २००५ मध्ये. राउटर हवेत जेमतेम एक दशांश वॉट सोडतो. मायक्रोवेव्हच्या पोटात आठशे-हजार वॉट कोंडलेले असतात. दाराच्या फटीतून त्यातला कणभर बाहेर आला तरी माणसाला काही होत नाही, पण राउटरला तो कानाशी ढोल वाजवल्यासारखा. त्यातून वायफाय पडलं भलतं सभ्य. बोलण्याआधी ऐकतं, कुणी बोलत असेल तर थांबतं. ढोल चालू असेतो ते गप्प. साध्या मायक्रोवेव्हची भट्टी विजेच्या प्रत्येक आवर्तनात अर्धाच वेळ पेटते, म्हणजे सेकंदात पन्नासदा चालू, पन्नासदा बंद. त्या दहा-दहा मिलिसेकंदांच्या फटींतून थोडंफार निसटतं. म्हणून नेट पुरतं मरत नाही, फक्त अमेरिकेतल्या मुलाचा चेहरा चौकोनी होतो. राउटर बाहेरच्या खोलीत नेला, काकूंचा टॅब ५ गिगाहर्ट्झवर टाकला. ओटीपी त्यांनी दोन दिवसांनी दिला, वही पाहून.

याच दुखण्याने एक जगप्रसिद्ध दुर्बीणही फसली होती हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला दुसरा चहा दिला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथली चौसष्ट मीटरची रेडिओ दुर्बीण. तिच्या नोंदींत १९९८ पासून अधूनमधून एक चमत्कारिक ठिपका उमटायचा. दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या स्फोटांसारखा दिसायचा, पण यायचा कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळात. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ या संशोधक विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी छडा लावला. आवारातल्या मायक्रोवेव्हचं दार कुणीतरी टिंग वाजायच्या आतच उघडायचं. भट्टी विझता विझता एक चीत्कार सोडायची आणि दुर्बीण तो टिपायची. आणि गंमत बघा, पार्क्स ज्या सीएसआयआरओ संस्थेची, तिच्याच रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी भिंतींवर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनींतून सिग्नल वेगळा काढण्याची युक्ती शोधली होती. १९९६ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळालं आणि आजच्या वायफायच्या पायात तो दगड आहे. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या उभारल्या त्याही तिथे असला मानवी गोंगाट कमी म्हणूनच. कोथरूडच्या ओट्याशेजारी दुर्बीण लावून काही दिसलं नसतं.

वेळेवरून चोर सापडतो, हे तेव्हापासून डोक्यात बसलं. पण वेळ फसवतेही. कर्वेनगरात एका घरी नेट रोज रात्री आठ ते दहा जायचं. आठ ते दहा म्हटलं की आम्ही डोळे मिटून सांगतो, सगळी सोसायटी सिनेमे बघतेय, लाइन भरलीय. मीही तेच सांगून आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा राउटरच्या पानावर आत कुठेतरी लपलेला 'अपटाइम' पाहिला. अकरा मिनिटं! म्हणजे नेट जात नव्हतं, राउटरच दर थोड्या वेळाने बेशुद्ध पडून उठत होता. ॲडॉप्टर काढून मीटर लावला तर बारा व्होल्ट, अगदी काट्यावर. इथे नवा पोरगा हमखास गंडतो. म्हातारा ॲडॉप्टर रिकाम्या हाताने ताठ उभा राहतो. ओझं दिलं की वाकतो. रात्री दोन टीव्ही, चार फोन चालू झाले की राउटर जास्त करंट ओढणार, आणि आतला फुगलेला कपॅसिटर बारा व्होल्ट धरून ठेवू शकणार नाही. राउटर चालू ठेवून मोजलं तेव्हा काटा साडेनवावर नाचत होता. बॅगेतला ॲडॉप्टर लावला, खेळ खलास. गेल्या बारा वर्षांत मी जितके राउटर बदलून दिले त्यातले निम्मे तरी निर्दोष असणार, असं आता वाटतं.

'कुठे' हा दुसरा प्रश्न. त्याची उत्तरं भिंतीत असतात. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दीड-दोन फुटी दगडमातीच्या भिंती. तिथे मी वायफायशी भांडतच नाही, सरळ केबल टाकतो. रिपीटरचा बराचसा धंदा असल्याच घरांवर चालतो. जिथे सिग्नल मेलाय तिथेच लोक तो लावतात. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? शिवाय साधा रिपीटर एकाच तोंडाने ऐकणार आणि बोलणार, त्यामुळे वेग निम्म्यावर येतोच. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी, हे सगळे सिग्नलचे खाणारे किंवा परतवणारे. अँटेनांचंही तसंच. लोकांना वाटतं ती बंदूक आहे, आणि ते तिचं टोक बेडरूमकडे रोखतात. सिग्नल टोकातून निघतच नाही. काठीभोवती मेदूवडा ओवावा तसा तो चौफेर पसरतो, टोकाच्या दिशेला वड्याचं भोक! म्हणजे बेडरूमला नेमकं भोक मिळतं.

शिकलेल्या मुलांचा त्रास वेगळाच. एका फ्लॅटमध्ये आयटीतला मुलगा अभिमानाने म्हणाला, "दादा, आसपास अठ्ठावीस नेटवर्क आहेत, सगळे एक, सहा, अकरावर. मी चारवर टाकलंय, तिथे कोणीच नाही." कोणी नाही, कारण कोणी असू नये. २.४ च्या पट्ट्यात तेरा चॅनेल दिसतात खरे, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेले आणि बसणाऱ्याला जागा लागते वीसची. एक, सहा, अकरा हेच काय ते एकमेकांच्या मांडीवर न बसता बसतात. सहावर दहा जण असले तरी ते एकमेकांना ऐकतात, पाळीपाळीने बोलतात. चारवर बसलेल्याला एक आणि सहा दोन्हीकडचा कलकलाट येतो, पण भाषा कोणाचीच कळत नाही. मुलाला ते पटलं नाही. अकरावर टाकून दिलं, मग पटलं.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐसपैस आहे. आपल्याकडे २०१८ च्या ऑक्टोबरात त्याचा बराच मोठा भाग विनापरवाना मोकळा झाला. पण त्यातले मधले चॅनेल रडारच्या शेजारचे. तिथे बसायचं तर राउटरने आधी मिनिटभर कान देऊन ऐकायचं आणि पुढे कधीही रडारचा आवाज आला तर चालू बोलणं टाकून उठायचं. विमानतळाच्या बाजूच्या एका घरात ५ चं नेटवर्क मधूनच नाहीसं व्हायचं. तिथे खरंच रडार ऐकू आलं की राउटरला भास झाला, देव जाणे. भासही होतात त्याला. छत्तीस नंबरच्या चॅनेलवर बांधून ठेवला, विषय संपला.

माझ्या आवडीची केस मात्र बंगल्यातली, तीन पिढ्यांची. नेट कधी आजोबांचं जायचं, कधी सुनेचं, कधी कोणाचंच नाही. वेळेचा ठाव नाही, जागेचा नाही. लाइन बघितली, ओएनटीवर, म्हणजे फायबर घरात येऊन मिळते त्या डब्यावर, लाल दिवा नाही, पॉवर उणे एकवीस, म्हणजे सोन्यासारखी. तीन चकरा झाल्या. चौथ्यांदा आजोबांच्या फोनला राउटरने दिलेला पत्ता पाहिला आणि सुनेच्या फोनचा पाहिला. दोन वेगळ्या आळ्यांतले! "घरात अजून एक राउटर आहे का?" सगळे एका सुरात 'नाही'. मग माळ्याच्या जिन्यातून नातू उतरला. त्याने जुना राउटर काढून, वरच्या खोलीत रेंज यावी म्हणून केबल लावून दिला होता, दोघांनाही नाव-पासवर्ड एकच. केबल लावली होती चुकीच्या खोबणीत. आता घरात पत्ते वाटणारे दोन झाले. नव्या फोनने आत येऊन विचारलं 'मी कुठे बसू?' की जो आधी ओरडेल त्याचं ऐकायचं. धाकट्याने बसवलेल्यांना बाहेरचं दार म्हणून तो स्वतःलाच दाखवायचा, आणि त्याच्यामागे तर भिंत. वायफायच्या दांड्या पूर्ण, नेट शून्य. पत्त्याची मुदत संपली की पुन्हा नशीब आजमावायचं. जुन्या राउटरचं पत्ते वाटणं बंद केलं, एवढंच. आजोबा म्हणाले, "घरात दोन कर्ते झाले की असंच होतं," आणि त्यांनी बघितलं ते नातवाकडे नाही, धाकट्या भावाकडे. मी बॅग उचलली.

मखराचा किस्सा राहिलाच. एरंडवण्यात एका घरी सलग दोन वर्षं भाद्रपदात कंप्लेंट. दहा दिवस नेट रडायचं, अनंत चतुर्दशीनंतर आपोआप बरं. पहिल्या वर्षी मी 'सणात लोड असतो' असं ठोकून दिलं. दुसऱ्या वर्षी गेलो तो आरतीच्याच वेळेला. गणपतीच्या मागे थर्माकोलचं भव्य मखर, त्याला चंदेरी कागद, आणि त्या चंदेरी भिंतीच्या बरोब्बर मागे, टीव्हीच्या कपाटात, क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला आमचा राउटर. कपाटाच्या पुढच्या बाजूला फोन धरला तर सिग्नल उणे एकाहत्तर डीबीएम. मखर दोघांनी मिळून हातभर सरकवलं, उणे सत्तावन्न. चौदा डेसिबलचा फरक म्हणजे ताकद पंचवीसपट. पण बाप्पा दहा दिवस हलवायचे नाहीत, असं आजींनी जाहीर केलं. मखर परत जागेवर. मग राउटर हलवला. रुमालासकट, कारण रुमाल काढलेला आजींना चालणार नव्हता.

यंदा हरतालिकेच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला. कंप्लेंट नव्हती. "अरे, या वर्षी सोनेरी कागद आणलाय," आजी म्हणाल्या, "तो चालतो का तुमच्या नेटला?"