हाडातील गाठ, रक्तातील खुणा

हाडातच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी कुत्र्यांत सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. हाड घडवण्याचे काम ज्या पेशींकडे असते त्याच पेशी या रोगात अनिर्बंध वाढू लागतात आणि कच्चे, ठिसूळ हाड तयार करत शेजारचे निकोप हाड पोखरत जातात. आयरिश वुल्फहाउंड, रॉटवायलर, ग्रेहाउंड, ग्रेट डेन अशा थोराड बांध्याच्या जातींत तो वारंवार दिसतो, बहुधा लांब हाडांच्या टोकांशी, आणि त्याचे पहिले लक्षण पुष्कळदा नुसते लंगडणे एवढेच असते. निदान होईपर्यंत रोगाचे सूक्ष्म कण बहुतेक वेळा फुप्फुसांत पोचलेले असतात. त्यामुळे पाय कापून काढला तरी कुत्रा साधारणपणे चार-पाच महिने आणि जोडीला केमोथेरपी दिल्यास वर्षभराच्या आसपास जगतो. हाच रोग माणसांत मुख्यतः किशोरवयीन मुलांना, उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात होतो. मुलांमध्ये तो विरळ असल्याने अभ्यासासाठी पुरेसे रुग्ण जमवणे अवघड जाते. कुत्र्यांच्या बाबतीत ती अडचण बरीच कमी आहे.

कुत्र्यांची एकेक जात मोजक्या पूर्वजांपासून, नात्यातल्या नात्यात पैदास करून घडवलेली असते. त्यामुळे गुणसूत्रांचे, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहून नेणाऱ्या धाग्यांचे, लांबच लांब तुकडे पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ अखंड उतरतात. कुत्र्याच्या ३९ गुणसूत्र-जोड्यांवर पसरलेली सुमारे २४० कोटी अक्षरांची संहिता २००५ मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीवरून प्रसिद्ध झाली. मात्र रोगाचा माग काढताना ती सगळी वाचावी लागत नाही. ठरावीक अंतरावरच्या सुमारे पावणेदोन लाख खुणा, म्हणजे कुत्र्याकुत्र्यांत जेथे एखादे अक्षर बदललेले असते अशा जागा, तपासल्या तरी कोणता तुकडा कोणाकडे आला हे कळू शकते.

कामाची सुरुवात रक्ताच्या एका लहानशा नळीने होते. कुत्र्याच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते, म्हणून त्या फोडून टाकल्या जातात आणि नळी वेगाने फिरवून पांढऱ्या पेशी तळाशी बसवल्या जातात. त्या पेशी विरघळवून, त्यांतील प्रथिने विकराने पचवून आणि मिठाच्या साहाय्याने बाजूला काढून उरलेल्या निवळीत थंडगार अल्कोहोल सोडले, की दोन द्रवांच्या सीमेवर ढगासारखे काहीतरी गढुळते आणि नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करताच त्यातून पांढऱ्या तंतूंचा एक गुंता आकार घेतो. साध्या डोळ्यांना दिसणारा हा गुंता म्हणजेच डीएनए. त्यात त्या कुत्र्याच्या पूर्वजांचे देणे एकत्र आलेले असते, ही जाणीव रोजच्या सवयीतही पुसली जाऊ नये इतकी विलक्षण आहे.

पुढे रोगी कुत्र्यांच्या खुणा त्याच जातीतील निरोगी कुत्र्यांशी ताडून पाहिल्या जातात. अमेरिका आणि स्वीडनमधील संशोधकांनी, ज्यांत एलिनॉर कार्लसन आणि कर्स्टिन लिंडब्लाड-टो होत्या, ग्रेहाउंड, रॉटवायलर आणि आयरिश वुल्फहाउंड या तीन जातींवर असे काम करून २०१३ मध्ये जोखमीशी जोडलेल्या ३३ जागा दाखवल्या. ग्रेहाउंडमधील सर्वांत ठळक खूण पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या सीडीकेएन२ए आणि सीडीकेएन२बी या जनुकांपासून सुमारे दीड लाख अक्षरे दूर, म्हणजे जनुकांच्या बाहेर सापडली. जनुकाचे काम कमीअधिक करणाऱ्या नियंत्रक भागात ती बसते. लगाम शाबूत असूनही तो ओढणारा हात बिघडावा, अशी ही शक्यता आहे.

याच खुणेने पद्धतीची मर्यादाही उघड केली, आणि या संशोधनातील सर्वांत मोलाची गोष्ट बहुधा हीच असावी. जोखमीचा तो बदल रॉटवायलर व वुल्फहाउंडमध्ये ९० टक्क्यांहून अधिक प्रमाणात आढळला. तुलना फरकावर चालते. रोगी आणि निरोगी अशा जवळजवळ सर्वांकडेच जे आहे, ते त्या जातीपुरत्या तुलनेत दिसतच नाही. ग्रेहाउंडमध्ये दोन्ही रूपे टिकून राहिली म्हणूनच तो बदल हाती लागला. जी जोखीम जातीच्या घडणीतच मुरली आहे ती त्या जातीत शोधून सापडत नाही, दुसरी जात शेजारी ठेवावी लागते. आणि सापडली तरी पैदाशीतून ती वगळणे कठीण होते, कारण निवडायला तिच्याविना असलेले कुत्रे फारसे उरलेलेच नसतात.

तुलना फरकावर चालत असल्याने या कामात रोगी कुत्र्याइतकेच मोल म्हाताऱ्या, निरोगी कुत्र्याच्या रक्ताला असते. तीन वर्षांचा धडधाकट कुत्रा निरोगी गटात धरता येत नाही, कारण रोग त्याला पुढे गाठू शकतो. ज्याने जोखमीचे वय ओलांडले आहे त्याचीच साक्ष ग्राह्य धरावी लागते. आयरिश वुल्फहाउंडचे आयुष्यच सरासरी सात वर्षांच्या आसपास असते. अशा जातीतील चालता-फिरता, न लंगडणारा म्हातारा कुत्रा धन्याने केवळ रक्ताच्या एका नळीसाठी दवाखान्यात आणला, तर त्या नमुन्याची भर तुलनेच्या ज्या बाजूला पडते ती बाजू अनेकदा अपुरी असते.