क्रूझचा बेल्ट

सकाळी 7.00
मानसरोवर स्टेशनकडे माणसं धावत निघालेली असतात तेव्हा मी शटर वर करतो. गाडी कालच आत घेतली होती, कारण इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय मी टायमिंग बेल्टला हात लावत नाही. 2011 ची शेव्हरोले क्रूझ, दोन लिटर डिझेल. जाळीवरचा सोनेरी बो-टाय अजून चकाकतोय.

8.30
काका आले. उद्या पहाटे त्यांना पाटणला निघायचंय.
"संध्याकाळपर्यंत होईल ना?"
"चालवून बघतो आणि मग सांगतो, काका."
चहा घेताना त्यांनी नेहमीचा प्रश्न काढला. "विकून टाकू का रे? कंपनीच राहिली नाही."
शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. पुढे गेली, पुन्हा आली. 2008 मध्ये तळेगावला कारखाना काढला, 2017 च्या अखेरीस इथली विक्री थांबवली आणि डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचं उत्पादनही बंद झालं. कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. सगळं खरं. पण गाडी धडधाकट आहे, तिने काय केलंय? "नका विकू," एवढंच म्हणालो.

10.00
उजवं चाक उतरवलं. इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावला, मग माउंटिंग सोडलं. पोऱ्या सतरा वर्षांचा, हात चांगला आहे त्याचा. नट उघडतील तसे तो ओळीने ट्रेमध्ये मांडतो. मी शिकवलं नव्हतं, आपणहून करतो.

11.30
कव्हर निघालं. बेल्टच्या कडेला बारीक भेगा. क्रँक हाताने फिरवून मार्क जुळवले आणि पिना घातल्या. या कामात घाई म्हणजे घात. एक दात जरी चुकला तरी इंजिनची लय बिघडते, आणि चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मग हेडच उतरवावं लागतं. म्हणून बेल्टसोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही नवे घालतो. जुना पंप ठेवून चार पैसे वाचवा असं मी कुणालाच सांगत नाही.

1.30
डबा. पोऱ्याने मोबाइलवर निळी क्रूझ दाखवली. "दादा, ही खरंच रेसला होती?"
होती तर! जागतिक टूरिंग कार स्पर्धेत 2010 आणि 2011 ला इव्हान म्युलर आणि 2012 ला रॉब हफ या क्रूझवर जगज्जेते झाले. शर्यतीच्या गाडीचं इंजिन पेट्रोलचं, 2011 पासून 1600 सीसी टर्बो. काकांच्या डिझेलशी त्याचा संबंध नाही. पण सांगाडा रस्त्यावरच्या क्रूझचाच, आत लोखंडी पिंजरा बसवलेला. ज्याचं नाव या गाडीवर आहे तो लुई शेव्हरोले स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला मेकॅनिक आणि रेसर. 1911 मध्ये त्याने ड्युरँट नावाच्या भागीदाराबरोबर कंपनी काढली, थोड्याच वर्षांत तो बाहेर पडला आणि नाव मात्र मागे राहिलं. पुढे त्याने स्वतः घडवलेल्या गाडीतून धाकट्या भावाने, गॅस्टनने, 1920 ची इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली.
पोऱ्या हातातला घास तसाच धरून ऐकत होता. "म्हणजे मालक आपल्यासारखाच होता?"
"हात काळे असलेला," मी म्हणालो.

2.30
शेव्हरोलेचीच एक बीट आली, फक्त ऑइल बदलायला. पोऱ्याने एकट्याने केलं.

3.15
नवा बेल्ट चढवला, ताण दिला, पिना काढल्या. आता पाना पोऱ्याच्या हातात. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. मार्क पुन्हा समोर यायला हवेत. त्याने श्वास रोखला होता, मीही. आले. तरी आणखी दोन फेरे फिरवायला लावले.

5.45
कुलंट भरून इंजिन चालू केलं. आवाज एकसारखा, कुठे शिट्टी नाही.

6.30
कळंबोली सर्कलपर्यंत चालवून आणली. स्टील मार्केटच्या ट्रेलरमागे तिसऱ्या गिअरवर ताटकळलो. मग मोकळा रस्ता मिळाला, पाय दाबला आणि पाठ सीटला टेकली. चौदा-पंधरा वर्षांची गाडी! पोऱ्या शेजारी हसत होता.

8.00
काकांनी चावी घेतली. उद्या एक्स्प्रेसवेने तळेगावचा टोलनाका ओलांडूनच ते पाटणला जातील. बॉनेट लावण्याआधी पोऱ्याने स्टिकरवर आजची तारीख आणि किलोमीटर लिहिले, सावकाश, ठळक अक्षरात.