अपग्रेडपूर्वी सिस्टिम ड्राइव्हची प्रत
संगणकाच्या सिस्टिम ड्राइव्हवर केवळ फायली नसतात. ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्राम, सेटिंग्ज आणि संगणक सुरू करणारे छोटे बूट विभागही असतात. त्यामुळे नुसत्या फायली कॉपी करून नवा ड्राइव्ह सुरू होत नाही.

संपूर्ण ड्राइव्हची प्रत करण्याचे दोन मार्ग आहेत. इमेज म्हणजे संपूर्ण ड्राइव्हची फाइलरूपात साठवलेली प्रत. ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवून गरज पडल्यास परत उतरवता येते. क्लोन म्हणजे दुसऱ्या ड्राइव्हवर थेट उतरवलेली, लगेच वापरता येणारी प्रत. विंडोज १० वरून ११ वर जाताना इमेज पुरते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवताना क्लोन सोयीचा ठरतो. क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही कामे करते. मात्र क्लोनसाठी नवा ड्राइव्ह सहसा जुन्याइतका किंवा त्याहून मोठा लागतो.

विंडोजचे बिटलॉकर एन्क्रिप्शन चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी जपून ठेवावी. कोणत्या ड्राइव्हवरून कोणत्यावर प्रत करायची, हे दोनदा तपासावे. उलट निवड झाल्यास मूळ माहितीच पुसली जाते. क्लोन झाल्यावर जुना ड्राइव्ह काढून फक्त नव्यावर संगणक सुरू करून पाहावा. नवा ड्राइव्ह काही दिवस व्यवस्थित चालल्याखेरीज जुना पुसू नये.